खोक्यावरचा वेग आणि आपल्या नळीतला वेग: फॅक्टरी काडतुसाशी बरोबरी करण्याचे एक प्रकरण

हे प्रकरण एका नेमबाज बाईंचे आहे. त्यांची रायफल .३०८ विंचेस्टरची, बोल्ट-अ‍ॅक्शन, नळी २० इंची. बरीच वर्षे त्या एकाच कंपनीची १६८ ग्रेन गोळीची (ग्रेन हे गोळी आणि दारू तोलायचे लहान माप) मॅच, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाची काडतुसे वापरत आल्या होत्या. दुर्बिणीच्या टरेटवर, म्हणजे नेम वर-खाली करायच्या चकतीवर, अंतराची पट्टी चिकटवलेली होती आणि ती याच काडतुसांवर बेतलेली होती: १०० मीटरला शून्य, ३०० ला इतके क्लिक, ६०० ला इतके. पुढे ही काडतुसे हवी तेव्हा मिळेनात, म्हणून त्यांनी स्वतः भरायला घेतली: पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचात, नवा प्राइमर (दारू पेटवणारी टोपी), बंदुकीची दारू आणि गोळी बसवून. जिथे कायदा परवानगी देतो तिथे हा रीतसर छंद आहे आणि त्यांच्याकडे प्रेस, डाय, तराजू सगळे चांगल्या प्रतीचे होते. त्यांनी स्वतःला एकच अट घातली होती. टरेटवरची पट्टी बदलावी लागू नये.

माझ्याकडे त्या आल्या तेव्हा तक्रार अशी होती. त्यांची काडतुसे १०० मीटरवर फॅक्टरीइतकाच, कधी कधी त्याहून घट्ट ग्रुप, म्हणजे टार्गेटवर गोळ्यांचा पुंजका, देत होती. ६०० मीटरवर मात्र त्याच पट्टीवर गोळ्या फूटभर वर लागत होत्या. शिवाय दुपारच्या उन्हात बोल्ट उघडायला जड जाई. सकाळी तसे होत नसे.

"मी नवीन काहीच केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "फॅक्टरीनं केलं तेच केलं. गोळी तीच, दारूचं वजनही तेच होतं, अगदी थोडं वाढवलं."

"वाढवलं कशासाठी?"

"खोक्यावरचा वेग गाठायला."

या दोन वाक्यांत सगळे निदान आले होते. पण नुसते निदान सांगून कोणाची खात्री पटत नाही, आणि पटूही नये. म्हणून आम्ही एकेक गोष्ट मोजून पाहिली.

त्यांनी केले काय होते

फॅक्टरीचे एक काडतूस त्यांनी बुलेट पुलरने उघडले. हातोडीसारखे ठोकून गोळी सैल करतात ते साधन. आतली दारू तोलली. दाणे बारीक काड्यांचे, करड्या रंगाचे, आखूड कापलेले. दुकानात मिळणाऱ्या एका दारूचे दाणे हुबेहूब तसेच दिसत होते. तीच असणार असे धरून त्यांनी तेवढेच वजन भरले. पुंगळ्या वेगळ्या होत्या: लष्करी काडतुसांच्या, एकदा उडवलेल्या, स्वस्तात मिळालेल्या. क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, वेग खोक्यावर छापलेल्या आकड्यापेक्षा कमी आला, तेव्हा थोडी थोडी दारू वाढवत त्या ८०४ मीटर प्रति सेकंदापर्यंत गेल्या. खोक्यावर ८०८ होता. चार कमी आले तरी चालतील, म्हणून तिथे थांबल्या.

यातली प्रत्येक पायरी वरवर सरळ दिसते. अनेक जण हेच करतात, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले.

खोक्यावरचा आकडा कोणत्या नळीचा?

कारखान्याचा वेग चाचणी-नळीतून मोजलेला असतो. अमेरिकी सामी (शस्त्र-काडतूस उत्पादकांची मानके ठरवणारी संस्था) मानकात .३०८ साठी ही नळी २४ इंची, म्हणजे सुमारे ६१० मिमी असते. बाईंची नळी त्याहून ४ इंच आखूड. या काडतुसाच्या बाबतीत नळीचा एक इंच कमी झाला की वेग साधारण ६ ते ८ मीटर प्रति सेकंदाने घटतो. चार इंचांचे २५ ते ३० झाले. म्हणजे फॅक्टरीचे काडतूस त्यांच्या रायफलीत ७८० च्या आसपासच जायला हवे.

"फॅक्टरीची काडतुसं तुम्ही कधी क्रोनोग्राफवर उडवली होती का?" मी विचारले. उडवली नव्हती. खोक्यावर आकडा छापलेला असताना ती मोजण्याची गरजच वाटली नव्हती.

शिल्लक राहिलेल्या एकाच लॉटमधल्या वीस काडतुसांवर हे मोजले. सरासरी ७८१ मीटर प्रति सेकंद, प्रमाण विचलन (सरासरीभोवती वेग किती पसरतात त्याचे माप) ४.६. खोक्याने खोटे सांगितले नव्हते. त्याने दुसऱ्या नळीबद्दल सांगितले होते.

आता ८०४ या आकड्याकडे नव्याने पाहा. २० इंची नळीत ८०४ देणारे काडतूस २४ इंची नळीत ८३० च्या वर गेले असते. १६८ ग्रेनच्या गोळीला त्या दारूसाठी मॅन्युअलने, म्हणजे काडतुसे भरण्याच्या छापील माहिती-पुस्तिकेने, दाखवलेला कमाल वेगही त्यापेक्षा कमी होता. हा जादा वेग फुकट येत नाही, त्याची किंमत चेंबरमधल्या दाबात मोजावी लागते. सामीने .३०८ साठी कमाल सरासरी दाब ६२,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) ठरवला आहे, सीआयपी या तशाच युरोपीय संस्थेने ४,१५० बार. दोन्हींच्या मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत, म्हणून एकाचे दुसऱ्यात सरळ रूपांतर करून तुलना करू नये. जुन्या मॅन्युअलांमध्ये तिसरेच माप सापडते. तांब्याचा छोटा दंडगोल किती चेपला यावरून काढलेले ते सीयूपी, आणि त्यात याच काडतुसाची मर्यादा ५२,००० लिहिलेली असते. ५२,००० आणि ६२,००० पाहून "जुने लोक भिऊन भरत होते, अजून दहा हजारांची जागा आहे" असा अर्थ काढणारे भेटतात. जागा मुळीच नाही. एकच दाब दोन मापांनी मोजलेला आहे.

दिसायला सारखी दारू

दारूबद्दलची समजूत याहूनही धोकादायक होती, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तिथेच आहे.

मोठे कारखाने बहुधा दुकानात मिळणारी दारू वापरत नाहीत. त्यांना ती घाऊक, लॉटने येते आणि लॉटालॉटात तिचा जळण्याचा वेग जाणवण्याइतका बदलतो. कारखान्याला त्याचे फारसे काही वाटत नाही, कारण त्यांच्याकडे दाब मोजणारी नळी असते. नवा लॉट आला की चाचणी घेऊन वजन पुन्हा ठरवतात. त्यांच्या दृष्टीने पक्के असतात ते वेग आणि दाब. दारूचे वजन लॉटप्रमाणे बदलते. म्हणून आज उघडलेल्या काडतुसातले वजन पुढच्या लॉटच्या काडतुसातही तेच असेल, असे नाही.

दुकानात डब्यातून मिळते ती दारू वेगळ्या शिस्तीची. वेगवेगळे लॉट मिसळून तिचा जळण्याचा वेग एका अरुंद पट्ट्यात ठेवलेला असतो, कारण विकत घेणाऱ्याकडे दाब मोजण्याची सोय नसते आणि त्याचा सगळा भरवसा छापील मॅन्युअलवर असतो. मॅन्युअलचे आकडे त्या नावाच्या त्या दारूपुरतेच खरे.

दाण्याचा आकार पाहून दारू ओळखता येत नाही. जळण्याचा वेग ठरतो तो दाण्याची लांबी-जाडी, मधल्या भोकाचा व्यास आणि सर्वांत जास्त म्हणजे दाण्यावरच्या मंदक लेपामुळे. सुरुवातीला ज्वलन आवरून धरणारा हा लेप किती आहे आणि किती खोल मुरला आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. दोन डब्यांतले दाणे शेजारी ठेवले तर जुळे वाटतील, आणि एक दारू दुसरीपेक्षा पुष्कळ लवकर पेटणारी असेल.

इथे आणखी एक बारकावा आहे. दोन वेगळ्या दारू गोळीला सारखाच वेग देत असल्या तरी दाबाचा आलेख सारखा असेलच असे नाही. याचे मोठे उदाहरण नोंदलेले आहे. १९६० च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या एम-१६ रायफलीच्या काडतुसात आयएमआर ४४७५ या काड्यांच्या दारूऐवजी डब्ल्यूसी ८४६ ही गोलदाण्याची दारू आली. गोळीचा ठरलेला वेग साधला, पण गॅस जिथून काढून घेतात त्या छिद्राजवळचा दाब वाढला, रायफलीचा चालण्याचा वेग वाढला आणि बिघाडही वाढले. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या इकॉर्ड उपसमितीने त्याची चौकशी केली. तिथे तर मोजायला प्रयोगशाळा होत्या. आपल्या टेबलावर फक्त क्रोनोग्राफ असतो, आणि तो दाब दाखवत नाही.

जाड पुंगळी

लष्करी पुंगळ्या आणि फॅक्टरीच्या मॅच काडतुसाच्या पुंगळ्या, दोन्ही सारख्या लांबीला छाटून तोलल्या. लष्करी पुंगळी सरासरी १६ ग्रेनने जड. बाहेरून दोन्ही एकाच चेंबरमध्ये बसतात, म्हणजे जादा पितळ आतल्या बाजूला आहे. पितळाची घनता पाण्याच्या सुमारे साडेआठ पट, तेव्हा १६ ग्रेन पितळाने जवळपास दोन ग्रेन पाण्याची जागा खाल्ली. हा नुसता हिशेब. खात्रीसाठी उडवलेल्या पुंगळीत जुना प्राइमर तसाच ठेवून, तोंडापर्यंत पाणी भरून पुन्हा तोलले. फरक दोन ग्रेनच्या आसपासच निघाला.

.३०८ च्या पुंगळीत एकूण ५६ ग्रेनच्या आसपास पाणी मावते. त्यातले दोन गेले तर जागा साडेतीन टक्क्यांनी आकसली. तेवढीच दारू आकसलेल्या जागेत जळली की दाब जास्त वेगाने चढतो. लष्करी पुंगळीत भरताना दारू कमी करून पुन्हा खालून सुरुवात करावी, असे मॅन्युअल सांगतात ते याचसाठी. बाईंनी वजन उलट वाढवले होते.

खुणा उशिरा येतात

उडवलेल्या पुंगळ्या आम्ही भिंगाखाली पाहिल्या. काहींच्या बुडावर इजेक्टरच्या (रिकामी पुंगळी बाहेर फेकणाऱ्या बोल्टमधल्या भागाच्या) भोकाची गोल चकाकती खूण उमटली होती. पितळ मऊ पडून त्या भोकात शिरले आणि बोल्ट फिरवताना घासले गेले. दोन पुंगळ्यांची प्राइमरची खाच इतकी सैल झाली होती की नवा प्राइमर नुसत्या अंगठ्याने बसला.

"प्राइमर चपटे झाले नव्हते, म्हणून मला वाटलं ठीक आहे," बाई म्हणाल्या.

प्राइमरचा चपटेपणा हा भरवशाचा साक्षीदार नाही. काही प्राइमरांची वाटी मऊ असते, ती मर्यादेतल्या दाबालाही चपटी होते. कडक वाटी मर्यादा ओलांडल्यावरही गोल कडा टिकवते. बुडावरची खूण आणि जड बोल्ट जास्त विश्वासाचे, पण ते बोलतात तोवर मर्यादा मागे पडलेली असते. खूण दिसली नाही म्हणजे दाब ठीक आहे, असा उलटा निष्कर्ष कधीच काढता येत नाही. दुपारच्या उन्हात ठेवलेल्या काडतुसांतली दारू तापते, लवकर जळते आणि दाब आणखी वाढतो. सकाळी काठावर असलेले काडतूस दुपारी काठाबाहेर गेले होते.

उरलेली काडतुसे त्याच दिवशी उघडायला घेतली. दारू परत डब्यात ओतली नाही, नष्ट केली. सैल खाचेच्या पुंगळ्या चेपून भंगारात टाकल्या, म्हणजे पुन्हा कोणी चुकूनही भरणार नाही.

१०० मीटरवर हे दिसले का नाही

मला या प्रकरणात सर्वांत रस वाटला तो या प्रश्नात. २३ मीटर प्रति सेकंदांचा फरक, जवळपास तीन टक्के, आणि तरीही १०० मीटरच्या टार्गेटवर त्याचा मागमूस नाही.

हिशेब सोपा आहे. ७८० च्या आसपास निघालेली गोळी १०० मीटर सुमारे ०.१३ सेकंदात कापते. तेवढ्या वेळात ती नळीच्या रेषेपासून साधारण ८५ मिमी खाली येते. वेग तीन टक्क्यांनी वाढला तर वेळ तीन टक्क्यांनी घटते, आणि पडणे वेळेच्या वर्गावर अवलंबून असल्याने ते सहा टक्क्यांनी घटते. ८५ चे सहा टक्के म्हणजे ५ मिमी. त्यांच्या दुर्बिणीचा एक क्लिक १०० मीटरला १० मिमी सरकवतो. अख्खा फरक अर्ध्या क्लिकचा, ग्रुपच्या पसाऱ्यात हरवून जाणारा.

६०० मीटरला गोळी सुमारे एक सेकंद हवेत असते आणि चार मीटरहून जास्त पडते. तिथे सहा टक्के म्हणजे पाव मीटर, आणि हवेच्या रोधाचा वाटा धरला की त्याहून थोडे अधिक. बाईंच्या गोळ्या फूटभर वर लागत होत्या ते याच हिशेबाने. १०० मीटरचा घट्ट ग्रुप रायफल, गोळी आणि नेमबाज यांच्याबद्दल सांगतो. वेगाबद्दल तो जवळजवळ काहीच सांगत नाही.

ग्रुपबद्दलही एक गोष्ट सांगायलाच हवी. बाईंनी तीन गोळ्यांचा १२ मिमीचा ग्रुप जपून ठेवला होता, आणि आपले काडतूस फॅक्टरीपेक्षा सरस असल्याचा तो पुरावा मानला होता. एकाच रायफलीतून, एकाच काडतुसाने तीनतीन गोळ्यांचे ग्रुप घेतले तर त्यांचा सरासरी पसारा दहा गोळ्यांच्या सरासरी पसाऱ्याच्या साधारण ६३ टक्के येतो. पाच गोळ्यांचा ८० टक्के. गोळ्या वाढतात तसा पसारा वाढतो, काडतूस तेच राहते. शिवाय अनेक ग्रुपांतला उत्तम तो निवडून ठेवला की तो नशिबाचा नमुना झाला. फॅक्टरीच्या काडतुसाचा दहा गोळ्यांचा ग्रुप त्यांच्या हातून २९ मिमी आला. १०० मीटरवर एक मिनिट कोनाचे अंतर २९ मिमीच असते, आणि आखूड नळीच्या रायफलीला हा आकडा चांगलाच म्हणायचा. त्याच हिशेबाने त्याच काडतुसाचे तीन गोळ्यांचे ग्रुप सरासरी १८ मिमीचे येतील आणि त्यांतला एखादा १२ चाही येईल.

पुन्हा पहिल्यापासून

ध्येय आता नीट मांडता आले: याच नळीतून, १६८ ग्रेनची तीच गोळी, सरासरी ७८१ मीटर प्रति सेकंद, आणि विचलन फॅक्टरीपेक्षा वाईट नाही. खोक्यावरचा ८०८ कागदावरून खोडला.

पुंगळ्या निवडल्या त्या बाईंनी स्वतः उडवलेल्या फॅक्टरी काडतुसांच्याच. आतली जागा मूळ काडतुसाइतकी, आणि त्या याच चेंबरच्या मापाला फुगलेल्या. आकार देताना डाय इतकीच खाली घेतली की पुंगळीचा खांदा ०.०५ मिमीपर्यंतच मागे जावा. जास्त मागे ढकलला तर प्रत्येक वेळी पुंगळी ताणली जाते आणि काही फेऱ्यांनी बुडाच्या जरा वर तडकते. बुडाशी चकाकती कडी दिसू लागली की पुंगळीचे आयुष्य संपले. आतून तारेचे टोक फिरवले तर खाच हाताला लागते. लांबी ५१.१८ मिमीच्या कमाल मापाखाली छाटली.

गोळी किती खोल बसवायची, हे ठरवताना काडतुसाची एकूण लांबी मोजून भागत नाही. मॅच गोळीचे पोकळ टोक कारखान्यातच कमी-जास्त होते. कंपॅरेटर (मापकाला लावायचा जोड) लावून गोळीच्या खांद्यापासून मोजले, फॅक्टरीच्या काडतुसांची सरासरी काढली आणि डाय तिथे पक्की केली. नळीतल्या आट्यांच्या (आतल्या पिळाच्या खाचांच्या) जवळ गोळी नेली की ग्रुप सुधारतो, असे पुष्कळ जण सांगतात आणि काही रायफलींत ते खरेही असते. पण आटे टेकले की दाब चढतो. शिवाय इथे बरोबरी साधायची होती. त्या मोहात पडायचे कारण नव्हते.

दारू निवडताना दिसण्याचा विचारच केला नाही. १६८ ग्रेनच्या गोळीसाठी दारू-कंपनीच्या चालू मॅन्युअलमध्ये जिची पूर्ण माहिती आहे आणि जिच्यावर तापमानाचा परिणाम कमी होतो अशी एक काड्यांची दारू घेतली. प्राइमर मॅन्युअलने वापरला तोच. दारूचे नाव आणि ग्रेन मी मुद्दाम लिहीत नाही. ते आकडे या पुंगळीचे, या प्राइमरचे, या नळीचे आहेत. ज्याला भरायचे आहे त्याने ते आपल्या डब्यावरच्या नावाच्या मॅन्युअलमधूनच घ्यावेत. कमाल वजनाच्या दहा टक्के खालून सुरुवात केली आणि लहान पायऱ्यांनी वर चढलो. प्रत्येक पायरीला वेग नोंदला, पुंगळीचे बूड पाहिले. या काडतुसात एका ग्रेन दारूने वेग साधारण १५ ते १८ मीटर प्रति सेकंद बदलतो. आमची रेघ त्या उताराने सरळ चढत गेली आणि मॅन्युअलच्या कमाल वजनाच्या जवळपास एक ग्रेन खालीच ७८० पाशी पोचली.

इथे वेग हा दाबाचा अप्रत्यक्ष साक्षीदार ठरतो, पण एका अटीवर. दारू, गोळी आणि प्राइमर मॅन्युअलचेच असावेत आणि पुंगळीची आतली जागा त्याच्या जवळची असावी. मग मॅन्युअलच्या नळीतून आपल्या नळीची तूट वजा केली की त्या वजनाला किती वेग यायला हवा याचा अंदाज येतो. वजन कमी असूनही वेग अपेक्षेपेक्षा जास्त आला तर दाबही जास्त आहे असेच समजावे आणि खाली उतरावे, कारण वेग दुसऱ्या कुठून येणार?

दारू किती काटेकोर तोलावी यावर बाईंचा बराच वेळ जात होता. एकेक दाणा चिमट्याने काढत. वजनातल्या चुकीने वेगात १ मीटर प्रति सेकंदाचे विचलन येते असे धरू. एकूण विचलन ४.६ असेल आणि ती चूक पूर्ण पुसली तर उरते ४.५, कारण विचलने वर्गांनी बेरजेत येतात. दाणे मोजण्यात घालवलेला वेळ पुंगळीच्या मानेवर घालवला तर अधिक फळ मिळते: माना एकसारख्या मऊ करणे, आतून साफ करणे, सगळ्यांची पकड सारखी ठेवणे.

तुलना कशी केली

फॅक्टरीची वीस आणि हाताने भरलेली वीस, एक आड एक उडवली. आधी सगळी एका प्रकारची आणि मग दुसऱ्या प्रकारची उडवली असती, तर तापलेली नळी, बदललेला उजेड आणि थकलेला खांदा यांचा हिशेब कोणाच्या नावावर टाकायचा, हे कळले नसते. सर्व काडतुसे सावलीत एकाच पेटीत ठेवली होती.

फॅक्टरी: सरासरी ७८१, विचलन ४.६. हातची: सरासरी ७८०, विचलन ४.१.

बाईंना ४.१ पाहून आनंद झाला. मी त्यांना थांबवले. वीस गोळ्यांवरून काढलेल्या विचलनाची खरी किंमत, ९५ टक्के खात्रीने, मोजलेल्याच्या ०.७६ पट ते १.४६ पट यांच्यामध्ये कुठेही असू शकते. म्हणजे फॅक्टरीचे ३.५ ते ६.७ आणि हातचे ३.१ ते ६.०. दोन्ही पट्टे एकमेकांवर जवळजवळ पूर्ण बसतात. हातची सरस ठरली असे म्हणता येत नाही; फॅक्टरीपेक्षा वाईट असल्याची कोणतीही खूण नाही, एवढे म्हणता येते, आणि ध्येय तेवढेच होते. पाच गोळ्यांवर तर हा पट्टा ०.६ ते २.९ पट इतका रुंद होतो. पाच गोळ्यांवरून "माझं विचलन दोनच आहे" असे कोणी सांगितले की मी ते नोंदवून ठेवतो आणि आणखी पंधरा गोळ्या उडवायला सांगतो.

सरासरीतला एक मीटरचा फरकही याच पसाऱ्यात बुडून जातो. १०० मीटरवर दहा गोळ्यांचा हातचा ग्रुप २७ मिमीचा आला, फॅक्टरीचा २९ चा. त्यालाही तोच न्याय.

६०० मीटरवर जुन्याच पट्टीने नेम धरला आणि गोळ्यांचा मध्य टार्गेटच्या मध्यावर आला. उभा पसारा फॅक्टरीइतकाच होता. त्या अंतरावर वेगातले विचलन आणि रायफलीचा स्वतःचा पसारा यांचा उभ्या दिशेतला वाटा जवळपास सारखा होतो, प्रत्येकी पाच सेंटिमीटरच्या आसपास. १०० मीटरला वेगाचा वाटा एखाद्या मिलिमीटरचा आणि रायफलीचा सात-आठ मिलिमीटरचा. लांब पल्ल्याचे नेमबाज क्रोनोग्राफला एवढे महत्त्व का देतात, ते या एका तुलनेत कळते.

जे जुळवले नाही

काही गोष्टी आम्ही जुळवायच्या प्रयत्नात पडलो नाही. कारखाना प्राइमरभोवती आणि कधी मानेत लाखेसारखा लेप लावतो. तो ओलाव्यापासून रक्षण करतो आणि वर्षानुवर्षे साठवणुकीला उपयोगी पडतो. बाईंची काडतुसे महिन्याभरात उडवली जातात, त्यांना तो नको. कारखान्याचे काडतूस कोणत्याही मानक चेंबरमध्ये बसते. यांची पुंगळी यांच्याच चेंबरला बेतलेली, दुसऱ्याच्या रायफलीत ती बसेलच असे नाही. म्हणून पेटीवर रायफलीचा क्रमांक ठळक लिहिला. त्यात आळस करू नये. रेंजवर काडतुसांची देवाणघेवाण सहज होते.

टेबलाचीही शिस्त बदलली. एका वेळी टेबलावर दारूचा एकच डबा. काम संपले की मापकातली दारू लगेच त्याच्या स्वतःच्या डब्यात परत. भरलेल्या पुंगळ्यांत गोळी बसवण्याआधी सगळ्या ट्रेवर विजेरी धरून दारूची पातळी डोळ्यांनी पाहायची. वहीत प्रत्येक खेपेला दारूचा लॉट, प्राइमरचा लॉट, पुंगळीची कितवी फेरी, तापमान आणि वेग.

लष्करी पुंगळ्यांचे काय करायचे, असे त्यांनी विचारले. ज्या सुस्थितीत होत्या त्या वेगळ्या पेटीत ठेवल्या. त्या वापरायच्या तर त्यांचा चढ वेगळा, पुन्हा खालून, आणि नोंद वेगळ्या पानावर. दोन्ही पुंगळ्या एका पेटीत मिसळायच्या नाहीत. मिसळल्या तर विचलन वाढेल हे त्यातले लहान नुकसान.

काही महिन्यांनी दारूचा डबा संपला. त्याच नावाचा नवा डबा आला, लॉट वेगळा. दुकानी दारूचा पट्टा अरुंद असला तरी शून्य नसतो, शिवाय उघड्या डब्यातली दारू कोरड्या हवेत ओलावा गमावते आणि थोडी लवकर जळू लागते, त्यामुळे जुन्या डब्याचा तळही सुरुवातीसारखा राहिलेला नव्हता. बाईंनी ठरलेल्या वजनापासून काही पायऱ्या खाली येऊन पुन्हा चढ घेतला. ७८० ला पोचायला या वेळी ०.३ ग्रेन दारू कमी लागली. त्यांनी वहीत नवे पान घातले, वर नवा लॉट लिहिला आणि जुन्या वजनावर रेघ मारली.